कोंडाबाईचं कागदाचं गाव

कोंडाबाईची एक टोपली एकदा माझ्या जीपच्या टपावरून पडली. औशाच्या रस्त्याला, उतारावर. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याचं मोठं चाक टोपलीवरून गेलं. मी गाडी थांबवली. टोपली भाकरीसारखी चपटी होऊन डांबरावर पडली होती. कोंडाबाई खाली उतरली, टोपलीत पाय देऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी काठ वर ओढला आणि टोपलीची पुन्हा टोपली झाली. वर मलाच म्हणते, "भीमाण्णा, तुझ्या जीपवरनं चाक गेलं असतं तर तू हितं लोळून रडला असतास." जीपमधली चौदा माणसं लातूर येईपर्यंत हसत होती. मी पण हसलो. बाईनं टोमणा मारायचा आणि ज्याला बसला त्यानं हसायचं, अशीच रीत पडली होती. न हसणाऱ्याला लगेच दुसरा बसायचा.

टोपली कागदाची होती. प्लास्टिक आल्यापासून हे फोड करून सांगावं लागतं. शाळेच्या जुन्या वह्या, परीक्षेचे पेपर, पंचायतीच्या नोटिसा, जे मिळेल ते रांजणात आठ दिवस भिजत घालायचं आणि उखळात कुटायचं. रात्रभर भिजलेल्या मेथ्या पाट्यावर वाटून त्या लगद्यात कालवायच्या. मेथीच्या चिकटपणानं लगदा धरून राहतो आणि कडूपणानं किडामुंगी तोंड लावत नाही. मग उपड्या घागरीवर थापायचं, आधी सावलीत वाळवायचं, मग उन्हात. माझ्या थोरल्या पोराचे सहावीचे सगळे पेपर अशाच एका टोपलीत गेले आणि त्यात आम्ही बारा वर्षं ज्वारी ठेवली. त्या पोराच्या शिक्षणाचा घराला झालेला तेवढाच उपयोग.

कोंडाबाई निलंग्याकडून लग्न करून आमच्या गावात आली. आमचं गाव म्हणजे किल्लारीहून जीपनं पंचवीस मिनिटं. नाव सांगत नाही, पुढं कळेल का ते. तोंडानं बाई अशी की ऐकणाऱ्याचं कातडं सोलून निघावं. एका मयताच्या घरी सगळ्या बायका गळा काढून रडत होत्या, तर ही त्या नव्या विधवेला म्हणाली, "रडणं संध्याकाळी बी हुईल. आधी त्याच्या उशाखालची किल्ली काढ, दीर येऊन राहिला." त्या बाईनं किल्ली काढली. तेवढ्या एका किल्लीवर तिची चार पोरं वाढली. दुसऱ्या दिवशी तीच बाई कोंडाबाईला शिव्या घालत होती, की माझ्या नवऱ्याच्या मयतात असं बोलली म्हणून. कोंडाबाईला याचं काही नव्हतं. ती शिव्या ऐकत ऐकत मेथ्या वाटायची.

त्र्याण्णव सालचं सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा लांबण लावत नाही. आमच्या गावात घरं म्हणजे हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाडजूड माळवद. ज्याचं माळवद जाड तो मोठा माणूस. पहाटे जमीन हलली तशी मोठ्या माणसांची घरं आधी बसली. कोंडाबाईचं घर ओढ्यापलीकडं, कुडाचं. ते हललं, डुललं आणि उभं राहिलं. गावातली एकशे सात माणसं गेली. कोंडाबाई आणि तिचा नवरा दोघं वाचली, म्हणून कितीतरी दिवस लोक तिच्याकडं रागानं बघायचे. ती म्हणायची, "माझ्याकडं माळवद असतं तर मी बी मेले असते. तुमीच दिलं न्हाई." पुढं सरकारनं नवं गाव बांधून दिलं, सरळ रेघेत, एकासारखं एक. कोंडाबाईचा नवरा तिथंच गेला, दम्यानं.

तीस वर्षं होत आली तेव्हा गावानं ठरवलं, समाजमंदिरात जुन्या गावाची प्रतिकृती ठेवायची. जी पोरं भूकंपानंतर जन्मली त्यांना कळावं की आजा कुठल्या आळीत राहत होता. समितीचे अध्यक्ष वसंतराव गुरुजी. जुन्या गावात मास्तर होते, पुढं लातूरला हेडमास्तर झाले, तिथंच घर बांधलं. वय अठ्ठ्याहत्तर, कपड्याला सुरकुती नाही. हा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. भूकंपानंतर आठव्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा यानंच उघडली. गावातली निम्मी पोरं यानंच नोकरीला चिकटवली. त्यात माझा तो सहावीवाला पण आला, तो शाळेत शिपाई झाला.

आधी लातूरहून थर्माकोलचं गाव करून आणलं. पांढरंशुभ्र, घरांवर लाल कौलं. आमच्या गावात औषधाला कौल नव्हतं! एका पावसाळ्यात उंदरांनी त्यातली पाटलाची आळी खाल्ली आणि उरलेल्यावर कुणीतरी बसलं. मग कुणीतरी कोंडाबाईचं नाव काढलं. ती टोपल्या घेऊन गावातल्या प्रत्येक घरात शिरलेली. कुणाच्या दारात किती पायऱ्या, कुणाची चूल कुठल्या कोपऱ्यात, सगळं तिच्या डोक्यात.

बैठकीत ती म्हणाली, "करीन. पण जसं हुतं तसं करीन. नंतर कुणी यायचं न्हाई, आमचं घर जरा मोठं कर म्हणून."

गुरुजी म्हणाले, "जसं होतं तसंच पाहिजे. आणि कोंडाबाई, टिकाऊ पाहिजे. शंभर वर्षं टिकलं पाहिजे."

हे त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं आणि खाली सही केली.

आठ महिने काम चाललं. शाळेची एक पडीक खोली दिली होती. मला जीप सोडून चार वर्षं झाली होती, घरी सुना टिकू देत नव्हत्या, म्हणून मी सामान आणायला लागलो. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून सरस, लाख, स्पिरिट, खडूची पूड आणायची आणि तिथंच बसायचं. आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. माणूस काम करताना बघत बसण्याइतकी मजा कशात नाही.

आधी प्लायवूडची फळी. तिला खालून पण खळीचे दोन हात दिले. मी म्हणलं, खालचं कोण बघतंय? ती म्हणाली, "वरनंच दिला तर फळी वाकती. तुझ्या बायकोसारखी, एका अंगानं." भिंती पुठ्ठ्याच्या, त्यावर मेथीचा लगदा. लगदा वाळला की चिंचोक्याच्या खळीनं कागदाच्या पट्ट्या, खळीला बुरशी येऊ नये म्हणून त्यात मोरचुदाची चिमूट. एक थर वर्तमानपत्राचा, त्यावर एक थर खाकी कागदाचा, परत वर्तमानपत्राचा. असं का? तर खाकीखाली छापील अक्षर दिसलं की कळतं, तिथं पट्टी सुटली. प्रत्येक थर वाळल्यावर ती भिंत गालाला लावून बघायची. गार लागली की आत ओल आहे, अजून एक दिवस थांबायचं. दारं लग्नपत्रिकांची. गावातल्या घराघरातून जुन्या पत्रिका मागून आणल्या, पाच पाच एकावर एक चिकटवून पाट्याखाली दाबल्या. मग सगळ्या घरांवर खडू आणि सरसाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपर मारायचा. शेवटी लाखेचं पाणी. ते बसलं की कागद हाडासारखा होतो, नखानं वाजवलं तर टणटण वाजतो. त्यावर रंग.

रंगासाठी गुरुजींनी स्वतःच्या घरचं माणूस दिलं. मृण्मयी, त्यांची पुतणी. लातूरला कॉलेजात चित्रकला शिकवते. एकतीस वर्षांची, सडसडीत, बोलणं कमी. दर रविवारी गुरुजी तिला गाडीनं घेऊन यायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे.

ही इंदूची मुलगी. इंदू म्हणजे गुरुजींच्या धाकट्या भावाची बायको, मुदखेडची, रेल्वेतल्या माणसाची लेक. भूकंपात गेली. तिचा नवरा नांदेडला कचेरीत होता, तिथं त्यानं दुसरं घर केलं होतं, पुढं तिकडंच वारला. एक वर्षाची पोर गुरुजींनी वाढवली, पोटच्या मुलीसारखी. शिकवली, नोकरीला लावली. गावात सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळे त्यांना मानत होते.

एका रविवारी गुरुजी पंचायतीत गेले होते. कोंडाबाई मेथ्या वाटत होती आणि मृण्मयी पट्ट्या फाडत होती.

कोंडाबाई म्हणाली, "इंदी रेल्वेची शीळ घालायची. मालगाडीची येगळी, पॅसेंजरची येगळी. सासू कावायची. आन तू? तोंडात मिठाची गुळणी धरून बसतीस."

मृण्मयी म्हणाली, "मावशी, आईचं नको. माझ्यामुळं गेली ती."

"तुझ्यामुळं? तू येवढीशी हुतीस."

"ती बाहेर आली होती. मी आत राहिले असं वाटून परत आत गेली. मी अंगणातच होते, आजीजवळ. काकांनी मला सातव्या वर्षी सांगितलं. तेव्हापासून तीस सप्टेंबरला मी काही खात नाही. पाणी फक्त."

"कुणी सांगितलं खाऊ नको म्हणून?"

"काकांनीच. आईनं तुझ्यासाठी जीव दिला, तू तिच्यासाठी एक दिवस दे."

कोंडाबाईचा वरवंटा थांबला. बाईचा हात काम करता करता थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. तिनं मला बाहेर बोलावलं. शाळेच्या हापशापाशी उभी राहून म्हणाली, "भीमाण्णा, दार आठवतंय?"

मला आठवत होतं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी जवानांबरोबर गुरुजींच्या घराचे दगड आम्हीच काढले. मधल्या खोलीचं दार चौकटीसकट आडवं पडलं होतं. एक टोक मी धरलं, एक कोंडाबाईनं. खाली इंदू होती. दाराला कडी लागलेली होती, बाहेरून.

इंदू दोनदा पोर घेऊन माहेरी पळून गेली होती. दुसऱ्यांदा आणली तेव्हापासून गुरुजी रोज रात्री तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे आणि पोर बाहेर आजीजवळ ठेवायचे. पोर बाहेर असली की आई जाणार नाही, हा हिशोब. त्या रात्री गणपती विसर्जनावरून सगळे दमून आले, अंगणात बाजा टाकून झोपले, सगळे वाचले. कडी उघडायचं कुणाला सुचलं नाही. सुचायला वेळच नव्हता, हेही खरं. आम्ही दोघांनी दार बाजूला ठेवलं आणि गप बसलो. मग गुरुजींनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिली गोष्ट सांगितली ती ही, की इंदू लेकरासाठी परत आत गेली. लोक रडले. आम्ही पण मान हलवली.

मी कोंडाबाईला म्हणलं, "आता काय करतीस?"

"मी ते कागदाचं दार बिनकडीचं केलं हुतं," ती म्हणाली. "म्हणलं, जाऊ दे."

त्याच दुपारी तिनं लग्नपत्रिकेची बोटाच्या नखाएवढी पट्टी कापली, सुतळीच्या धाग्यावर गुंडाळून कडी केली. दाराला भोक पाडून धागा आत घेतला, भिंतीतून ओवून मागं गाठ मारली, गाठीवर लगदा भरला. वाळल्यावर वरून खडूचा हात दिला. पांढऱ्या दारावर पांढरी कडी. डोळ्याला दिसायची नाही, बोट फिरवलं तरच लागायची.

पुढच्या आठवड्यात गुरुजी तपासणीला आले. चष्मा पुसून गल्ली गल्ली बघितली. त्यांना गहिवरून आलं. स्वतःच्या घरासमोर वाकले, दाराआतली बसायची ढेलज बघितली, आतलं अंगण बघितलं. "कोंडाबाई, दारं काय केलीत हो! आमच्या घराला लाखेचे दोन हात जास्त द्या. लोक आधी तिथंच हात लावणार."

कोंडाबाई म्हणाली, "चार देते."

चार दिले. मीच स्पिरिट ओतत होतो. कडीवर तिनं काडीनं थेंब थेंब सोडला, धाग्याच्या मुळापर्यंत मुरेस्तोवर. मला हसू येत होतं आणि कुणी येतंय का म्हणून मी सारखा दाराकडं पण बघत होतो. दोन्ही एकाच वेळी.

रंगाचा दिवस आला. रविवारच होता. मृण्मयी बारीक ब्रश घेऊन बसली. गुरुजी खिडकीजवळ खुर्चीत पेपर वाचत होते. पाटलाची आळी झाली, मारुतीचं देऊळ झालं, सिद्रामप्पा वाण्याचं दुकान झालं. दारं निळी, कड्या-कोयंडे काळे. मग कोंडाबाई म्हणाली, "आता तुमचं घर घे. मधल्या खोलीपास्नं."

मृण्मयीनं दाराला निळा दिला. मग थांबली. "मावशी, दाराला काहीतरी चिकटलंय. पॉलिश पेपर मारू?"

"चिकटलेलं न्हाई. कडी हाय ती. काळी रंगव."

"कडी बाहेरून?"

"बाहेरनं."

"आणि आतून?"

"आतनं नव्हती."

गुरुजींचा पेपर खाली आला. ते उठून आले, वाकून बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. वर्गात पोरानं चुकीचं उत्तर दिलं की जसं बोलायचे तसं बोलले, "कोंडाबाई, वय झालं आपलं सगळ्यांचं. आमच्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. मृण्मयी, सरक. मी काढतो ते."

खिशातून पेन्सिलीचा चाकू काढला. कडीखाली पातं घातलं. नुसतं खरखरलं. जोर दिला तर पातं सटकलं आणि भिंतीचा पांढरा टवका उडाला. परत घातलं. निळा रंग त्यांच्या बोटांना लागला, बाहीला लागला. कडी जागची हलेना.

कोंडाबाई म्हणाली, "गुर्जी, हळू. धागा भिंतीतनं गेलाय. भिंत काढली तर घर जाईल, घर काढलं तर आळी जाईल. शंभर वर्सं तुमीच लिवून दिलेत."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुणी बघितली कडी? एका बाईच्या म्हणण्यावर—" आणि ते माझ्याकडं वळले. "भीमाशंकर, तुम्ही होता ना तिथं. सांगा हिला."

माझ्या हातात स्पिरिटची बाटली होती. माझं पोर त्यांनी लावलेल्या नोकरीवर पोट भरतंय, हे पहिल्यांदा मनात आलं. खोटं कशाला बोलू? मग मी बाटलीचं बूच लावलं आणि म्हणलं, "दाराचं एक टोक माझ्या हातात होतं, गुरुजी. कडी लागलेली होती. फळी निघेना म्हणून मीच ती दगडानं ठोकून सरकवली."

मृण्मयीनं ब्रश वाटीवर आडवा ठेवला.

"काका, मी कुठं होते?"

"आजीजवळ. अंगणात."

"त्याच रात्री का रोज?"

गुरुजींनी चाकू मिटून खिशात घातला. "रोज. तू बाहेर असलीस की ती जाणार नाही म्हणून. ती दोनदा गेली होती, मृण्मयी. दुसऱ्यांदा मुदखेडच्या फलाटावर सापडली, कडेवर तू. लोक काय बोलत होते तुला काय माहीत. दिवाळीपर्यंतच लावणार होतो मी. रात्रीपुरती फक्त."

"म्हणजे ती परत आत गेलीच नव्हती."

"तुला काहीतरी सांगायला पाहिजे होतं. त्यातल्या त्यात चांगलं सांगितलं. आईनं तुझ्यासाठी जीव दिला, याच्यापेक्षा चांगलं मी काय सांगायचं?"

हे तो माणूस मनापासून बोलत होता, हे मी शपथेवर सांगतो. तीस वर्षं सांगून सांगून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

मृण्मयी म्हणाली, "चोवीस उपास केले मी. कॉलेजात एकदा चक्कर येऊन पडले, तुम्ही दवाखान्यात आलात आणि तिथं सुद्धा मला दूध घेऊ दिलं नाहीत."

"श्रद्धेचा भाग होता तो."

"कुणाच्या?"

तेवढ्यात कोंडाबाई म्हणाली, "रंग वाळून राहिला, पोरी. हात चालव."

मला तेव्हा बाईचा राग आला. इतका की बाटली खाली ठेवून बाहेर जावं वाटलं. पण मृण्मयीनं ब्रश उचलला, काळ्यात बुडवला, वाटीच्या काठाला निथळला आणि कडी रंगवली. गुरुजी तिच्या शेजारी उभे होते. नखाएवढी कडी ती, पण वरून, खालून, कोयंड्याच्या आत, सगळीकडं तिनं ब्रश फिरवला. संध्याकाळी ती त्यांच्या गाडीत बसली नाही. माझ्या धाकट्या पोराच्या जीपमध्ये, मागच्या बाकावर, भाजीवाल्या बायकांमध्ये बसून लातूरला गेली.

नंतर मी कोंडाबाईला बोललो. "तूच रंगवायचीस आणि मग तिला बाजूला घेऊन सांगायचंस. त्या पोरीच्या हातानं कशाला?"

"सांगितलं असतं तर तिनं गुर्जीला जाऊन इचारलं असतं. आन गुर्जीनं गोड बोलून माझं खोटं पाडलं असतं. बोलण्यात मी त्याला पुरते व्हय? म्हणून हातातच दिलं."

"मग तीस वर्षं का गप बसलीस?"

"इंदी मेली हुती, भीमाण्णा. मेलेल्या बाईला कडी काढून काय देणार? पण ही जित्ती पोर उपाशी राहून राहिली, ते मला आता कळलं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तू रं? तू तर गडी माणूस हुतास. तू का गप हुतास?" मी हसलो नाही. तिनं दुसरा मारला नाही.

कोंडाबाई आता एकाहत्तरीची आहे. समितीनं तिला साडी देऊ केली, तिनं ती हात लावून बघितली आणि म्हणाली, "रंग जाईल हिचा." फळीवर करणाऱ्याचं नाव घालायचं ठरलं होतं, ते कुणीतरी राहू दिलं. तिला विचारलं तर म्हणते, माझं घर हाय ना ओढ्यापलीकडं, तेवढं पुरं. अजून शाळेतून कागद नेते. पेपर तपासून झाले की मास्तर लोक तिच्या दारात टाकतात, घाबरून.

तीस सप्टेंबरला प्रतिकृतीवरचं कापड काढलं. सगळा गाव समाजमंदिरात. माणसं स्वतःची घरं बोटानं शोधत होती. म्हातारे रडत होते, पोरं फोटो काढत होती. एकजण म्हणाला, आमच्या दारातला लिंब कुठं आहे? कोंडाबाई म्हणाली, "तुझ्या बापानं शाण्णव... न्हाई, नव्वद साली तोडला. सरपणाला." सगळे हसले. मृण्मयी सकाळीच आली होती. माझ्या घरी ओसरीवर बसून तिनं दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, वर ताक प्याली. माझी सून वाढत होती आणि ती नको म्हणत नव्हती. मग जाऊन प्रतिकृतीपाशी उभी राहिली. जो जवळ येईल त्याला सांगायची, "ही माझ्या आईची खोली. कडी बाहेरून होती." आवाज चढवून नाही, डोळ्यात पाणी आणून नाही. दुकानात भाव सांगावा तसं. दुपारपर्यंत ओळीतल्या शेवटच्या बाईपर्यंत ते गेलं होतं.

त्या दिवशी गावात गेलेल्यांची नावं माइकवर वाचायची पद्धत आहे. एकशे सात नावं. पहिल्या वर्षापासून गुरुजीच वाचतात. या वर्षी समितीतले दोघं म्हणाले, दुसरं कुणीतरी वाचेल. मृण्मयी म्हणाली, "नाही. काकाच वाचतील."

गुरुजी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात जुनी यादी, प्लास्टिकमध्ये घातलेली. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. माइक मी धरला होता, त्यांच्या एका हातात यादी आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. वाचत वाचत छत्तिसाव्या नावाला आले. इंदू. दरवर्षी ते या नावापुढं एक वाक्य जास्त बोलायचे, लेकरासाठी आत गेलेली माउली. या वर्षी नुसतं नाव घेतलं आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.

मागून मृण्मयी म्हणाली, "पुढचं पण सांगा, काका. दरवर्षी सांगता."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी माइक तसाच धरून ठेवला.

"खोलीत होती," ते म्हणाले.

"बाहेर का आली नाही?"

"दार बंद होतं."

"कुणी केलं होतं?"

पाण्याचा ग्लास समोर होता, तो त्यांनी उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले. माइकमधून ते नव्या गावातल्या मारुतीच्या देवळापर्यंत गेलं.

कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. ते खाली बसायला लागले तेव्हा मृण्मयी म्हणाली, "यादी राहिलीय." पुढं अजून एकाहत्तर नावं होती. ती सगळी त्यांनी उभ्यानं वाचली.